लेकरू जगलं, पुढे काय?

अमरावती जिल्ह्यात लहान मुलांचा प्रश्न निघाला की सगळ्यांची नजर मेळघाटाकडे वळते. १९९३ साली धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून पावसाळा लागला की मेळघाटातल्या मृत्यूंचे आकडे छापून येतात. वरूड तालुका याच जिल्ह्यातला, याच सातपुड्याच्या पायथ्याचा. इथे संत्र्याच्या बागा आहेत, बाजारपेठ आहे, शाळा-कॉलेजं आणि दवाखाने आहेत. त्यामुळे इथलं दोन वर्षांचं मूल सहसा बातमी होत नाही. ते जगतं, चालायला लागतं, सहाव्या वर्षी पहिलीत बसतं. मधल्या वर्षांत त्याच्याशी कोण किती बोललं, त्याला कोणी काय दाखवलं, त्याच्या ताटात वरणाखेरीज काय पडलं, हे कोणी विचारत नाही.

बालविकासाच्या शास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत सगळ्यात जास्त खल केला तो नेमका या मधल्या वर्षांवर. त्या ज्ञानातलं काय सरकारी धोरणात उतरलं आणि काय अंगणवाडीच्या दारापर्यंत पोचलं, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मूल जगवण्याचं संशोधन महाराष्ट्रात धोरण बनलं, कारण ते गावातल्या एका बाईने ठरावीक दिवशी ठरावीक दारात जाऊन करायच्या कामापर्यंत आणलं गेलं. मूल घडवण्याचं संशोधन अजून कागदावर आहे, कारण ते काम करायला लागणारा माणूस आणि त्याचे तास सरकारने अजून दिलेले नाहीत.

जगवण्याच्या कामाची गोष्ट विदर्भातली आहे, आणि ती तपशिलाने सांगण्यासारखी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना वजन करणं, श्वास मोजणं, बाळाला ऊब देणं आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणंसुद्धा शिकवलं गेलं. सुरुवातीला प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातले बालमृत्यू नोंदीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं. 'अंकुर' प्रकल्पातून हीच पद्धत राज्यातल्या सात ठिकाणी करून पाहिली गेली. आणि २०११ मध्ये देशभरातल्या आशा ताईंसाठी घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीची मार्गदर्शक तत्त्वं आली: दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात.

'लॅन्सेट'मधल्या लेखापासून आशा ताईच्या वहीपर्यंत यायला बारा वर्षं लागली. या वाटेत काय गळालं तेही बघायला हवं. गडचिरोलीच्या प्रयोगातलं इंजेक्शन राष्ट्रीय कार्यक्रमात आशा ताईच्या हाती दिलं गेलं नाही. गडचिरोलीत होती तितकी जवळची, नियमित देखरेख सगळीकडे उभी राहिली नाही. भेटींचा तक्ता मात्र जसाच्या तसा आला, कारण तारखा लिहिणं आणि खूण करणं सोपं असतं. धोरण संशोधनातून मोजता येण्याजोगं तेवढं उचलतं आणि ज्यामुळे ते मोजमाप अर्थपूर्ण होतं ते पुष्कळदा मागे ठेवतं. पुढे आलेल्या प्रत्येक योजनेत हे दिसतं.

मेळघाटातही संशोधन आणि सेवा हातात हात घालून चालली. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन बालमृत्यू कमी करण्याचं काम केलं आणि त्याचं शास्त्रीय मोजमापही ठेवलं. दवाखाना लांब असेल तर दवाखान्यातलं ज्ञान गावातल्या बाईच्या हाती द्या, हे गडचिरोली आणि अमरावती या विदर्भाच्या दोन टोकांच्या जिल्ह्यांनी देशाला शिकवलं.

कुपोषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने एकदा मोठी उडी मारली होती. औरंगाबादचे विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात सुरू केलेल्या कामातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. युनिसेफची त्याला साथ होती. मिशनने काही जादू केली नाही. रिकाम्या जागा भरा, प्रत्येक मुलाचं वजन खरोखर करा, खोटी श्रेणी लिहू नका, एवढ्यापासून सुरुवात झाली. दुसऱ्या टप्प्यात भर गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर आला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ३९ टक्के होतं. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते सुमारे २३ टक्क्यांवर आलं. अभ्यासकांनी नंतर कारणं शोधली तेव्हा एकच कारण सापडलं नाही. लग्नाचं वय, आईचं शिक्षण, बाळंतपणाआधीची तपासणी, घरातलं उत्पन्न आणि त्यांच्या जोडीला सरकारी यंत्रणेतली हालचाल, असं ते सगळं मिळून घडलं होतं.

पुढे ती गती टिकली नाही. २०१५-१६ च्या पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुंटलेली होती, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्के. २०१२ चे आकडे दोन वर्षांखालच्या मुलांचे होते, हे पाच वर्षांखालच्यांचे, त्यामुळे ते शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही. तरीही या दोन पाहण्यांच्या मधल्या चार-पाच वर्षांत गाडी जागची हलली नाही, एवढं निर्विवाद आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना पुरेसा आणि विविध आहार मिळण्याचं प्रमाण तर राज्यात दहात एकही नाही. हा आकडा फक्त आदिवासी पट्ट्याचा नाही, त्यात बागायती तालुकेही आले. संत्र्याचे ट्रक जिथून देशभर जातात, तिथल्या बाळालाही वर्षभर डाळीचं पाणी आणि बिस्किटाचा पुडाच मिळत असेल, तर त्याला गरिबी हे एकच कारण पुरत नाही. बाळाला कधी, काय आणि किती भरवायचं हे आईच्या शेजारी बसून सांगणारं कोणी नसणं, हेही तितकंच मोठं कारण आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला आहे. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. आपली बाळं जन्मतः वजनाने हलकी असतात, पण त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने राखलेली असते. पुढच्या मधुमेहाची मुळं तिथवर जातात. आणि गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या बायकांची बाळं अंगाने बरी होती. आंबाडी, चवळी, चाकवत वऱ्हाडाला नवे नाहीत. गरोदर बाईच्या पानात ते रोज पडावेत, यासाठी मात्र लोहाच्या गोळीच्या पुढे जाऊन धोरणाने फारसा विचार केलेला नाही.

आता मूल घडवण्याकडे येऊ.

१९८० च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुंटलेल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. काहींना दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्य सेविका गेली आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आई-मुलाला खेळायला, बोलायला शिकवून आली. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पुन्हा त्याच मुलांना शोधलं, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा लांबचा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ आहार सोडून द्या असा कोणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही. पण आठवड्यातला एक तास, गावातली एक बाई आणि दोन वर्षं, एवढ्या सामग्रीवर माणसाचं आयुष्य वळतं, हे इतकं स्वच्छ क्वचितच कुठे सिद्ध झालं असेल. ओडिशात पुढे हाच प्रयोग झाला तेव्हा आणखी कामाची गोष्ट कळली: घरोघरी जाण्याऐवजी आया-मुलांना एकत्र बसवून खेळ घेतले, तरी मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर जवळपास तेवढाच परिणाम झाला आणि खर्च बराच कमी आला. भारतातल्या गावाला हे परवडतं.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरेल, असा तो बाणा होता. बोर्डीचं काम पुढे कोसबाडला गेलं. ताराबाई १९७३ साली गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातल्या ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पूर्वशालेय शिक्षण होतं, पण पुढच्या चार दशकांत अंगणवाडीची ओळख खिचडी, वजन आणि लसीकरण हीच झाली. ज्याची तपासणी वरून होते ते टिकलं. खेळाची तपासणी कोणी केली नाही.

कागदावर चित्र बदललं आहे. २०१३ मध्ये बालसंगोपन आणि बालशिक्षणाचं राष्ट्रीय धोरण आलं. महाराष्ट्राने अंगणवाड्यांसाठी 'आकार' अभ्यासक्रम केला. २०१८ पासून आशा ताईच्या भेटी बाळाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत वाढल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या चौकटीत घेतलं. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' आणि २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा आला. यात वाईट काहीच नाही. बहुतेक मजकूर शास्त्राला धरून आहे.

यातला सगळ्यात आशादायक प्रयत्न पुन्हा आपल्याच भागातला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास विभागासोबत यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यांत 'आरंभ' कार्यक्रम उभा केला. अंगणवाडी ताईंना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण, घरभेटीत आईला खेळ दाखवणं, आणि गावात पालक मेळावा. मेळाव्यात बाप, आजी, आजोबा येतात, मुलांच्या वाढीचे वेगवेगळे स्टॉल लागतात, आणि बापाला कळतं की पोराशी बोलणं हेही त्याचं काम आहे. वऱ्हाडात "पोट्टं मोठं झालं का आपोआप शिकते" असं सहज म्हटलं जातं. त्या समजुतीला चारचौघांत, हसतखेळत दिलेलं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. 'आरंभ' नंतर राज्याने पुढे नेला, ते योग्यच केलं.

पण हे सगळं शेवटी ज्या दारात येऊन थांबतं तिथे एकच ताई उभी आहे. तिचा दिवस पाहा. तीन ते सहाच्या मुलांना गोळा करायचं, नाश्ता आणि गरम आहार द्यायचा, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, घरपोच आहाराचं वाटप, उंची-वजन, अतितीव्र आणि मध्यम कुपोषित (सॅम-मॅम) मुलांचा पाठपुरावा, लसीकरणाच्या दिवशी बायांना बोलावणं, मतदार यादी, वेगवेगळी सर्वेक्षणं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनेच भरून घेतले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला तेव्हा इंग्रजी ॲप आणि बिघडलेले मोबाईल यांना कंटाळून राज्यातल्या सेविकांनी फोन सरकारला परत केले होते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तिचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला बेमुदत संपावर जावं लागलं. अशा बाईला आणखी एक पुस्तिका आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन मुलांशी दोन तास खेळायला सांगणं म्हणजे संशोधन धोरणात आणणं नाही. तिच्याकडे ते दोन तास नाहीत.

यावर उत्तरही संशोधनानेच दिलेलं आहे. तामिळनाडूत अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी ६४० अंगणवाड्यांमध्ये चाचणी घेतली. निवडलेल्या अंगणवाड्यांना गावातलीच एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली, फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात गणित आणि भाषा दोन्हींत मुलं पुढे गेली. शिवाय मूळ सेविका मोकळी झाल्यामुळे तिला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला, आणि खुंटलेल्या व अतितीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही घटलं. शिक्षण की पोषण, हा वाद तिथे एका माणसाने मिटला.

महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. २०२३ मध्ये मदतनिसासाठी ठरलेल्या महिना ५,५०० रुपयांच्या दराने प्रत्येक ठिकाणी एक अर्धवेळ ताई नेमली, तर वर्षाला सुमारे ७२६ कोटी रुपये लागतील. रक्कम मोठी आहे, पण राज्याला न झेपणारी नाही. सगळीकडे एकदम नको असेल तर एका तालुक्यापासून सुरुवात करावी, आणि तो तालुका वरूडसारखा असावा: मेळघाट नसलेला, ज्याच्यावर कोणाचं विशेष लक्ष नाही, पण ज्याच्यासारखे तालुके राज्यात सगळ्यात जास्त आहेत.

वरूडचा एक प्रश्न मात्र जादा ताईनेही सुटणार नाही. आंबिया आणि मृग बहाराच्या तोडणीच्या दिवसांत बागांमध्ये आणि प्रतवारीच्या शेडवर मजूर बाया दिवसभर राबतात. त्यांतली काही कुटुंबं मेळघाटातून, काही सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून येतात. सहा महिने ते तीन वर्षांचं लेकरू एक तर मायसोबत वावरात येतं, झाडाखाली सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली असतं, किंवा गावी आजीजवळ राहतं. अंगणवाडीत या वयाला फक्त घरपोच आहाराचं पाकीट आहे, बसायला जागा नाही. मेंदूच्या वाढीला सगळ्यात मोलाची म्हणून जी वर्षं संशोधन सांगतं, ती मजुराच्या मुलाची अशी जातात. आणि ज्या वयात तिच्या हाती पाटी हवी त्या वयात धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीची शाळाही जाते. कलम लावल्यावर पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी चुकलं तर झाड पुढे कधीच भरत नाही, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही.

२००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने तरतूद केली की कामाच्या जागी पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमावं. खासगी बागेला ती लागू नाही. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय आहे, पण हंगामी कामाचा पट्टा तिच्या नजरेत फारसा नाही. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच पाळणाघर उघडून मोबाइल क्रेशेसची सुरुवात केली आणि पुढे हे काम मुंबईतही आलं. बांधकामावर जे जमलं ते संत्र्याच्या शेडवर का जमू नये?

स्थलांतराचं गाऱ्हाणं वेगळं. राज्याची अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देते. ती गावाला जोडलेली आहे. धारणीची बाई कामासाठी योजनेबाहेरच्या गावात गेली की तिचा हक्क मागे राहतो. स्थलांतरित माता आणि मुलांचा माग ठेवणारी प्रणाली राज्याने अमरावतीसह सहा जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात राबवली, हे पाऊल चांगलं होतं. पण नाव संगणकावर सापडणं पुरेसं नाही, त्या नावाच्या मागे ताट आणि सांभाळणारा हात यावा लागतो.

म्हणून वरूडकरांना विनंती आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षी तो कशावर गेला. शिलाई मशीन आणि खुर्च्यांवर गेला असेल, तर यंदा हंगामाच्या तीन-चार महिन्यांसाठी गावातल्या एका बाईला मानधन देऊन पाळणाघर चालवण्याचा ठराव मांडा. बागायतदार आणि व्यापाऱ्यांनी शेडवर एक खोली, पाणी आणि मुलांच्या जेवणाचा वाटा उचलावा. प्रशिक्षणासाठी सेवाग्राम लांब नाही आणि खेळांचा मजकूर मराठीत तयार आहे. पहिलं पाळणाघर येत्या आंबियाच्या तोडणीआधी सुरू व्हावं.